साजढाना खाली आहे

२४ एप्रिल, शुक्रवार

जनगणनेची ड्यूटी लागली. शाळेत सगळ्यांनाच लागली, पण घरी मी अशी सांगितली की जणू दिल्लीहून माझ्याच नावाचं बोलावणं आलं. माझी बायको वंदना भाजी निवडत होती. म्हणाली, "मागच्या इलेक्शन ड्यूटीत चष्मा हरवून आले होते. यंदा काय हरवता?" मी गुपचूप चष्मा खिशात घातला. ती सावरगावची, मी पांढुर्ण्याचा, मधात जाम नदी. नदीपलीकडच्या माणसाशी भिडलं की काय होते, हे आमचं गाव दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत दगड खाऊन शिकते. माझा डावा गुडघा त्याचा दाखला आहे.

म्हणून डायरी लिहायला घेतली. तीस वर्षं हिंदीतून शिकवलं, अर्ज हिंदीतून केले, रजा हिंदीतून मागितल्या. पण घरातलं भांडण मराठीत होते, आणि डायरीत भांडण येणारच, म्हणून ही मराठीत. पुढेमागे 'एका प्रगणकाचे अनुभव' असं पुस्तक निघालं तं शब्द जुळवत बसायला नको, हाही हेतू आहे. वंदनाला सांगितला नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

ट्रेनिंग संपलं. आमचा सुपरवायझर कोण, तं पंकज! माझा जुना विद्यार्थी. आठवीत मी याला दोनदा कोंबडा केलं होतं. आज त्यानं मला "सर, मोबाईल उलटा धरून राहिले तुमी" असं भर वर्गात सांगितलं. हिशेब फिटला म्हणायचं.

नियम असे. अ‍ॅपमधला प्रश्न जसा लिहिला आहे तसाच विचारायचा. घराला कुलूप असेल तं तीनदा परत जायचं. घर खाली असेल, म्हणजे कोणी राहतच नसेल, तं 'खाली' या शब्दावर बोट ठेवायचं. ते ठेवलं की पुढचे सगळे प्रश्न गायब होतात. भिंती कशाच्या, पाणी कुठून आणता, टीव्ही आहे का, काहीच विचारायचं नाही. फार गुणी शब्द वाटला मला. आणि एक: मिळालेली माहिती बाहेर कोणाला सांगायची नाही.

मला बोरपेंढरी पंचायतीतला एक भाग आणि डोंगरावरचा साजढाना मिळाला. ढाना म्हणजे गोंडांची वस्ती. एकोणीस घरं. शेवटचे दोन किलोमीटर गाडी जात नाही म्हणे. पंकज म्हणाला, "सर, गुडघ्याचं पाहून घ्या, नाही तं दुसऱ्याले देतो." मी म्हटलं, "देशाचं काम आहे पंकज." हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं, कळलं नाही.

३ मे, रविवार

साजढाना झाला! एका सकाळीत एकोणीस घरं. पंकजनं फोनवर "इतक्या लवकर?" असं विचारलं, तेव्हा मी हसून "अनुभव" एवढंच म्हणालो.

सविस्तर लिहितो, पुस्तकाला लागेल. चढ मोठा. दोनदा बसलो. वर एक प्रचंड साजाचं झाड, त्याच्याखाली एक म्हातारी खराटे बांधत बसली होती. नाव पंचफुला परतेती. बाकी सारं चिडीचूप. वस्तीच्या मधात हापशी आहे, ती मारून पाहिली तं नुसती हवा आली.

मी नियमाप्रमाणे शुद्ध हिंदीत सुरुवात केली. "माताजी, यह मकान उपयोग में है अथवा खाली है?"

म्हातारीनं माझ्याकडे, मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. "खाली हायेत जी."

"और यह?"

"तेही खाली हायेत."

"और वह सामने वाला?"

"सारेच खाली हायेत ना बाप्पा! मी, माई नातसून आन् तो आंधळा बुढा. आमी तिघंच वरतं."

घराला 'हायेत'! आदरार्थी बहुवचन! निर्जीव वास्तूलाही मान देणारी ही संस्कृती. आपण शहरातले लोक बापालाही 'आहे' म्हणतो. 'आम्ही तिघंच वरतं' हेही मनाला लागलं. वर जायची वाट पाहत बसलेले तीन जीव. म्हातारी निरक्षर, पण तत्त्वज्ञानी.

सोळा घरांवर 'खाली' लावलं, तिघांची तीन घरं भरली. दारांना कुलपंसुद्धा नव्हती, नुसत्या कड्या. कुलूप लावावं असं काही उरलंच नसेल. पण स्वच्छता पाहण्यासारखी. रिकाम्या घरांपुढे ताजं सारवण, एका अंगणात मोहफुलं वाळत घातलेली, दोन कोंबड्या फिरत होत्या. लोक गाव सोडून गेले पण वळण सोडलं नाही. आमच्या गल्लीत राहत्या घरासमोर कोणी झाडत नाही.

उतरताना मन भरून आलं. मुलाबाळांचं गाव असं ओस पडावं! पाण्याची बाटली संपली होती, म्हणून जवळच्या पायवाटेनं सरळ गाडीकडे आलो. दुसरी एक वाट नाल्याकडे उतरते, ती लांबची होती.

४ मे, सोमवार

आमच्या मुलाचा, शुभमचा, पुण्याहून व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी वरच्या मजल्यावर होतो. हा मजला त्याच्यासाठी बांधला. तो नोकरीला लागला त्याच वर्षी, दोन खोल्या, संडास आतमध्ये, फरशी नागपूरहून आणलेली. चार वर्षं झाली. तो एकूण अकरा दिवस राहिला असेल.

"आई कुठाय?" म्हणाला.

"खाली आहे. बोलावू?"

"नको, राहू द्या. बाबा, यंदा उन्हाळ्यात जमणार नाही. प्रोजेक्ट आहे."

"बरं," म्हटलं. पुण्याला जाऊन तो 'नाही जमत' चं 'जमणार नाही' करून बोलतो. वंदनाला सांगितलं तं ती लगेच उठली. जिना चढून वर गेली आणि फरशी पुसली. ती रोज पुसते. कोणी राहत नाही तिथं इतकी पुसापुशी कशाला, हे मला आजवर कळलेलं नाही.

६ मे, बुधवार

लेख लिहायला घेतला आहे. शीर्षक: 'सातपुड्याचे मूक स्थलांतर'. एक परिच्छेद झाला. त्यात 'विस्थापन' हा शब्द चार वेळा आला, पण शब्द चांगला आहे, राहू दिला.

आज बोरपेंढरीत चहाच्या टपरीवर सरपंच हेमराजजी भेटले. मोठा संत्र्याचा बगीचा आहे त्यांचा, पण वागायला साधे. मी सहज साजढान्याचा विषय काढला. म्हणजे सहज नाही, दोनदा त्यांनी दुसराच विषय काढला तरी मी परत आणला. म्हटलं, "एकोणीसपैकी सोळा घरं खाली आहेत साहेब. गाव संपलं."

ते चहा पिता पिता थांबले. "सोळा? पक्कं?"

"मी स्वतः मोजून आलो."

त्यांनी माझ्यासाठी दुसरा चहा मागवला, सोबत भजे. म्हणाले, "मास्तर, तुमच्यासारखे अभ्यासू मानसं पायजेत पंचायतीले. हे थोडं लिहून द्याल का? आपल्या माहितीसाठी." मी वहीचं पान फाडून लिहून दिलं आणि खाली सही केली. ट्रेनिंगमधलं ते गुप्ततेचं आठवलं होतं. पण मी नावं कुठं दिली? फक्त आकडा दिला. शिवाय आजवर माझी सही लोकांनी फक्त रजेच्या अर्जावर पाहिली आहे. माणसाला कधीतरी वाटते.

१३ मे, बुधवार

काय लिहू? पहिले घडलं तसं लिहितो.

दुपारी दारात एक बाई आली. यमुना परतेती, साजढान्याची, बोरपेंढरीच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. पस्तिशीची असेल. पाणी दिलं तं सगळा तांब्या एका दमात प्यायली. मग म्हणाली, "गुरुजी, आमच्या गावचं तुमी लिहिलं का?"

"हो. मीच."

"तुमी लिहिलं म्हणते, का आमचं गाव खाली हाये."

"आहेच ना बाई. तुमच्याच पंचफुलाबाईनं सांगितलं."

"हव जी. आमी खालीच आहो."

मी म्हटलं, "मग झालं तं! तेच मी लिहिलं."

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. ती मला वेड्यात काढून राहिली का मी तिला, हे दोघांनाही कळेना. तेवढ्यात वंदना स्वयंपाकघरातून आली. तिनं विचारलं, "खाली म्हंजे कोठी?"

"नाल्यात ना ताई. झिऱ्यापाशी."

वंदना आधी हसली. पदर तोंडाला लावून हसली. मग माझं तोंड पाहून थांबली आणि म्हणाली, "अहो, हिंदीतलं खाली नाही. आपलं खाली. शुभमचा फोन आला तेव्हा मी खाली होती, ते खाली."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पडला म्हणजे कोसळला.

यमुनेनं सांगितलं ते असं. हापशी होळीलाच आटते. मग सोळा घरचे लोक गुरंढोरं, लेकरं घेऊन नाल्यात उतरतात, वाळूत झिरा खोदतात, पळसाच्या पाल्याचे मांडव घालतात आणि पाऊस पडेपर्यंत तिथंच राहतात. रोज सकाळी बाया वर चढून घर सारवून, मोहफुलं, कोंबड्या पाहून परत उतरतात. घर सोडलेलं नाही. दिवस भरत आलेली नातसून, म्हातारी आणि आंधळे आजोबा, यांना चढउतार होत नाही, म्हणून ते तिघं वर राहतात आणि त्यांचं पाणी वर पोचवावं लागते. साजढान्यासाठी नळयोजनेची टाकी मंजूर झाली होती. जागा ठरायची बाकी होती. परवा हेमराजजींनी सगळ्यांना एक कागद दाखवला आणि म्हटलं, गाव तं खाली आहे, खुद्द जनगणनेवाल्या गुरुजींची सही आहे, टाकी इकडे बसवू. इकडे म्हणजे त्यांच्या बगीच्याच्या धुऱ्याशी, बांधाला लागून. वीस तारखेला ग्रामसभेत ठराव आहे.

"पानी नाही म्हनून आमी खाली," यमुना म्हणाली. "आन् खाली हाये म्हनून आमाले पानी नाही. आता सांगा गुरुजी, आमी जावाव कोठी?"

आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तं बरं झालं असतं, मला बचाव करता आला असता. गेली तेव्हा वंदनानं तिला पाण्याची बाटली भरून दिली. मला लाज वाटली. नुसतीच वाटली नाही, अजून वाटून राहिली. ती आदरार्थी बहुवचनाची ओळ वर वाचली आणि वही भिंतीवर फेकली. मग उचलून हे लिहिलं.

१४ मे, गुरुवार

पंकजला गाठून सगळं सांगितलं. त्या सहीच्या कागदाचंही. मला वाटलं हसेल. हसला नाही. म्हणाला, "सर, कागद द्यायले नोको होता. ते मले वर कळवा लागन." मी म्हटलं, "कळव." मग त्यानं सोळा नोंदी दुरुस्तीसाठी माझ्याकडे परत पाठवल्या आणि जाताना हळूच म्हणाला, "तुमीच शिकवत होते सर, उत्तर लिहाच्या आधी प्रश्न दोनदा वाचा."

कोंबडा केलेलं पोरगं ध्यानात ठेवते. बरंच ध्यानात ठेवते.

१५ मे, शुक्रवार

आज लांबच्या वाटेनं नाल्यात उतरलो.

अख्खं गाव तिथं होतं! सोळा मांडव, ओळीनं, वर घरं ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं. परतेतीच्या शेजारी धुर्वे, धुर्व्यांच्या शेजारी इवनाती. वस्तीचा जो नजरी नकाशा मी हातानं काढला होता, त्यात मी सोळा चौकोन रिकामे सोडले होते, ते इथं पाल्याच्या सावलीत जेवून राहिले होते. लेकरं, बैल, एक शिलाई मशीनसुद्धा. एकाहत्तर माणसं. मी एकाहत्तर माणसं बोटाच्या एका टोचणीनं पुसली होती, आणि वरून लेख लिहायला बसलो होतो.

झिरा म्हणजे वाळूतला हातभर खड्डा. वाटीनं पाणी काढायचं, पुन्हा पाझरायची वाट पाहायची. एक कळशी भरायला मी घड्याळ लावलं तं पंचवीस मिनिटं.

मग यमुनेसोबत एकेका घरचं वर जाऊन लिहिलं. अ‍ॅप विचारते, पिण्याच्या पाण्याचा स्रोत आवारात, जवळ की दूर? सोळा वेळा 'दूर' लिहिलं. दूरच्या पुढे तिथं काही नाही. शेवटी साजाच्या झाडाखाली पंचफुलाबाईपुढे बसलो. म्हटलं, "आजी, चूक माझी झाली."

ती खराटाच बांधून राहिली होती. "तुमी हिंदीत विचारलं, मले वाटलं मोठा सायेब हाये. म्हनून मी मानानं मराठीत सांगतलं. गोंडीत सांगतलं असतं तं बरं झालं असतं."

"गोंडी मला कुठं समजते?"

"तेच तं. समजलंच नसतं. मंग दुसऱ्यानदा विचारलं असतं तुमी."

यमुना हसली, आंधळे आजोबा हसले, मीही हसलो. पण बाई खरं बोलली. भाषा समजली असं वाटलं, तिथंच मी मेलो. तीस वर्षं दोन्ही भाषांत खाल्लं, आणि एका शब्दानं माझे दात पाडले.

१६ मे, शनिवार

'सातपुड्याचे मूक स्थलांतर' चुलीत घालायला गेलो. गॅस आहे, चूल नाही. कचऱ्यात टाकला.

२० मे, बुधवार

ग्रामसभा.

रात्रभर उत्तर तयार केलं होतं, कागदावर, मुद्दे पाडून. उभा राहिलो तेव्हा कागद दुसऱ्या पँटच्या खिशात होता. वंदनाचं खरं आहे, मी काही ना काही हरवतोच.

हेमराजजींनी माझ्या सहीचा कागद उंच धरला. "गुरुजी, ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"आन् आकडा?"

"तोही माझाच. पण चुकीचा आहे."

कुजबुज झाली. मी सगळं सांगितलं. मी हिंदीत काय विचारलं, म्हातारीनं मराठीत काय सांगितलं, मी आदरार्थी बहुवचन काय समजलो, तेही. ते सांगायची गरज नव्हती, पण सुरू झालो तं थांबता आलं नाही. पहिले मागचे लोक हसले, मग सगळी सभा. कोणीतरी ओरडलं, "मास्तर भैताड निघाला बे!" मी म्हटलं, "निघाला. पण ते गाव भरलेलं आहे. एकाहत्तर वर-खाली करणारे आणि तीन वर बसलेले. एकूण चौऱ्याहत्तर. हा आकडाही मी सांगायला नको होता, पण पहिला खोटा सांगितला, म्हणून खरा सांगून राहिलो."

हेमराजजी शांत होते. "म्हंजे आता खाली म्हंजे भरलेलं. उद्या गुरुजी म्हणतीन वर म्हंजे रिकामं." पुन्हा हशा. तेव्हा यमुना उठली. म्हणाली, "हसा जी. पन एक डाव माया सोबत कळशी घेऊन चढा, मंग हसा." हशा थांबला.

बाया यमुनेच्या बाजूनं बोलायला लागल्या, बोरपेंढरीच्याही. शेवटी सचिवानं मधला रस्ता काढला: सत्तावीस तारखेला दुपारी उपयंत्री, म्हणजे नळयोजनेचे इंजिनीअर, येऊन पाहतील. वस्तीत लोक राहत असतील तं टाकी वर, नसतील तं हेमराजजींच्या बगीच्याशी. दुपारी! दुपारी तं सगळे नाल्यात असतात. मी यमुनेकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. ती म्हणाली, "येऊ द्या."

परतताना टपरीवाल्यानं विचारलं, "गुरुजी, कप खाली झाला का?" मी चहा अर्धा ठेवून उठलो.

२७ मे, बुधवार

सकाळी सहाला साजढान्याच्या पायथ्याशी पोचलो. अख्खं गाव नाल्यातून वर चढून राहिलं होतं. गुरं, लेकरं, शिलाई मशीन, आणि एका दिवसाचं पाणी. वर गुरांना प्यायला थेंब नाही, म्हणून बायांच्या डोक्यावर दोन-दोन हंडे. मीही एक कळशी घेतली. खांद्यावर घेतली, डोक्यावर जमली नाही. गोटमारीचा गुडघा तिसऱ्या वळणावर बोलला, चौथ्यावर ओरडला. वर पोचेपर्यंत अर्धी कळशी माझ्या शर्टवर होती. एक पोरगी म्हणाली, "गुरुजीची कळशी खाली झाली." कोणत्या अर्थानं, विचारलं नाही.

बारा वाजले. एक वाजला. बैल हंबरायला लागले. लेकरांना घोट घोट पाणी मोजून देऊन राहिले होते. आज साहेब आलेच नाहीत तं हे सगळं परत उद्या चढवायचं का, या विचारानं मी सारखा वाटेच्या तोंडाशी जाऊन पाहत होतो. या लोकांच्या उन्हात माझी सही उभी होती.

पावणेदोनला उपयंत्री आले, सोबत हेमराजजी. साहेब भोपाळकडचे, तरुण, घामानं ओले. त्यांनी एकोणीस दारं पाहिली, प्रत्येक दारात माणसं पाहिली. मग साजाखाली बसलेल्या पंचफुलाबाईला, तीच सगळ्यात म्हातारी दिसली म्हणून, विचारलं, "अम्मा, सुना है यह गाँव खाली है?"

यमुनेनं डोळे मिटले. म्हातारीनं साहेबांकडे पाहिलं, मग सावकाश माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली,

"नाही जी. आज सारे वरतं हायेत."

साहेबांना 'नाही' तेवढं समजलं. तेवढं पुरलं. त्यांनी फोटो काढले, फीत धरून मोजलं आणि साजाच्या झाडापासून वीस पावलांवर चुन्याचा गोल मारला. टाकी इथं. हेमराजजी माझ्याकडे न पाहता उतरले. टाकी उभी राहील तेव्हा राहील, पण तो गोल आज मी पाहिला. लेकरं त्यात उड्या मारून राहिली होती, यमुना त्यांना रागावून बाहेर काढत होती आणि रडत होती.

चार वाजता सगळे परत नाल्यात उतरले. बैलांना पाणी हवं होतं.

२९ मे, शुक्रवार

माझ्या कामाचा खुलासा लेखी द्या, असं वरून पत्र आलं. दिला. साडेतीन पानं होती. वंदनानं फाडून पाच ओळींचा करायला लावला. काय होईल ते होवो.

आज आमच्याही गल्लीत जनगणना आली. कन्या शाळेच्या अमिता मॅडम. आमचा किस्सा एव्हाना पांढुर्ण्यात सगळीकडे झाला आहे. बाजारात भाजीवालाही "गुरुजी, थैली खाली?" म्हणून हसते. मॅडम हसू दाबून बसल्या होत्या. वंदनानं चहा दिला.

"घरात किती जण, सर?"

"तीन," वंदना म्हणाली. "शुभम पुण्याले हाये, पन घर त्याचंच हाये. वरचा मजला त्याचाच."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. नियम मलाही माहीत, त्यांनाही. जो जिथं राहते, तिथं मोजायचा. याच महिन्यात मी एकाहत्तर राहते लोक पुसले होते. आज एक न राहणारा लिहून घ्यायचा मोह मला झाला, खरं सांगतो. मोबाईल माझ्या हातात असता तं लिहिलाही असता.

"दोन लिहा मॅडम," मी म्हटलं. "वरचा मजला खाली आहे."

मॅडमचं बोट मोबाईलवर थांबलं. मग त्या हसल्या. "सर, नक्की सांगा हं. कोनतं खाली? मराठीतलं का हिंदीतलं?"

वंदनाही हसली. मग हसता हसता थांबली आणि माझ्याकडे पाहत राहिली. वर नागपूरची फरशी आहे, चार वर्षांपासून पुसलेली.

मी म्हटलं, "हिंदीतलं."